निवृत्तीनंतर गोव्यात राहायचं आहे, गाव कुठलं निवडावं? परदेशातून परतणाऱ्या जोडप्याला सल्ला हवा

जर्सीकर

नमस्कार मंडळी,

मी ६७, बायको ६४. मूळचे डोंबिवलीचे, पण नोकरीची सगळी वर्षं न्यू जर्सीत गेली. दोघांचे पासपोर्ट अमेरिकन, ओसीआय कार्डं (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारी) आहेत. मुलं तिकडेच, आपापल्या संसारात. आता भारतात परतायचं ठरलंय आणि दोघांचंही मन गोव्यावर आहे. पण गोवा आम्ही फक्त पाहुणे म्हणून पाहिलाय. डिसेंबरात उतरायचं, कळंगुट नाहीतर कोलव्याला राहायचं, मासे खायचे आणि निघायचं. बारा महिने तिथे घर चालवणं ही वेगळी गोष्ट आहे.

ओसीआयचे नियम वाचून झालेत. मला रोजच्या जगण्याबद्दल विचारायचंय. गाव कुठलं घ्यावं? भाड्याने राहावं की विकत घ्यावं? मला मधुमेह आहे आणि एक स्टेंट बसवलाय, बायकोचे गुडघे दुखतात. रात्री दोनला काही झालं तर काय करायचं? गाडी चालवता येते तोवर ठीक, पुढे काय? पेन्शनवर नीट भागेल, उधळपट्टीला जागा नाही. खिडकीतून समुद्र दिसलाच पाहिजे असा हट्ट नाही. मराठी पुस्तकं, नाटक, गाणं यांच्याशिवाय मात्र दोघांनाही करमत नाही.

प्रत्यक्ष राहणाऱ्यांनी लिहिलं तर फार बरं होईल.


चिऱ्याचं घर

जर्सीकर, आम्ही इंग्लंडमधल्या लेस्टरहून आलो आणि बार्देशातल्या एका गावात राहतो. तुमच्या जागी आम्हीही होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

गाव जुलैत निवडा. डिसेंबरात गोव्याचं कुठलंही गाव सुंदरच दिसतं. जुलैत या, भर पावसात संध्याकाळी सातला त्या वाड्यावर फिरा आणि किती घरांत दिवे लागलेत ते बघा. हणजूण, वागातोर, आसगाव, शिवोली या पट्ट्यात गल्लीच्या गल्ल्या अशा आहेत की पावसाळ्यात कुलपं आणि नाताळात प्रत्येक घरात वेगळे पाहुणे. दिल्ली-मुंबईच्या लोकांची ती दुसरी घरं, नाहीतर भाड्याने द्यायचे व्हिला. तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला शेजार नसतो. पर्यटकांच्या गोंगाटाची सगळे भीती घालतात, पण तो दोन-अडीच महिन्यांचा प्रश्न. हाक मारली तर ऐकायला कोणी नसणं हा बारा महिन्यांचा. आपल्या वयात शेजार हीच पहिली सोय धरा, बाकीच्या सोयी पैसे देऊन आणता येतात.

ज्या वाड्यावर गोव्याची माणसं अजून राहतात तिथे घर शोधा. ओळखायचं कसं? सकाळी आणि संध्याकाळी पोदेर सायकलचा भोंपू वाजवत पाव घेऊन येतो का, तो किती दारांशी थांबतो ते बघा. अंगणात वाळत घातलेले कपडे, शाळेची बस कुठे उभी राहते, चवथीला (गणेशचतुर्थीला) घुमट-आरतीचा आवाज कुठल्या घरांतून येतो, या सगळ्यावरून कळतं. आमच्या समोरच्या घरातल्या आजी रोज सकाळी माझी खिडकी उघडली की नाही बघतात. उशीर झाला तर नातवाला पाठवतात.

आता पावसाळा. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिऱ्याची भिंत पाणी ओढते. कपाटातल्या साड्या, चामड्याच्या चपला, पुस्तकांची पाठपट्टी, सगळ्यावर बुरशी चढते. तुम्ही पुस्तकं आणणार असाल तर ती बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका आणि त्या खोलीत हवा सुकवणारं यंत्र लावा. वीज जाते, येते आणि येताना दाब कमीजास्त होतो. इन्व्हर्टर लागेलच, शिवाय फ्रिज आणि पंपासाठी स्टॅबिलायझर. इन्शुलिन घेत असाल तर फ्रिजचा विचार आधी. कौलारू घर असेल तर पावसाआधी नळे परतून घ्यावे लागतात आणि ते काम करणारी माणसं दरवर्षी कमी होतायत. मे महिना उजाडायच्या आत सांगून ठेवा.

अंगणातलं शेवाळ हा गुडघेवाल्यांचा खरा शत्रू आहे. दारापासून गाडीपर्यंतची वाट खडबडीत करून घ्या आणि एका बाजूला धरायला कठडा बसवा. रात्री बाहेर पडताना बॅटरी हातात हवी. फुरसं, घोणस, मण्यार, नाग, चारही विषारी साप गोव्यात आहेत. पालापाचोळा घराला लागून साठू दिला नाही आणि उंदीर होऊ दिले नाहीत की बरंच निभावतं.

बाजाराचं सांगते. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार अजूनही बाजार आहे, पण सकाळी लवकर जाऊन लवकर परता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी मासळी कमी आणि महाग. त्या दिवसांत खाडीचे मासे, तिसऱ्या आणि सुकं. २० डिसेंबर ते २ जानेवारी किनारपट्टीचे रस्ते तुंबतात. औषधं, गॅस, किराणा सगळं त्याआधी भरून ठेवायचं. डॉक्टरची साधी तपासणीही त्या दिवसांत घेऊ नका.

आवाजाबद्दल: उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक चालत नाही, तो देशभरचा नियम आहे. शेजारच्या व्हिलात रात्री बारालाही चालू असेल तर ११२ ला फोन करायचा. एकट्याने भांडायला जाऊ नका. वाड्यावरच्या चार घरांनी मिळून पंचायतीत अर्ज दिला की जास्त काम होतं. पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या घराची पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. ती आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

इथे ओला-उबर नाही. गोवा माइल्सचं अ‍ॅप आहे, स्थानिक टॅक्सीवाले आहेत, आणि दुचाकीवरचा पायलट आहे, जो तुमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्यांना चालणार नाही. गावातलाच एक टॅक्सीवाला धरून ठेवा, वर्षभराचं काम त्यालाच द्या. तो माणूस पुढे घरच्यासारखा उपयोगी पडतो.


फोंडेकर

वर ताईंनी लिहिलंय ते सगळं खरं, पण ते किनाऱ्याजवळच्या गोव्याचं. जर्सीकर काका, समुद्राचा हट्ट नाही म्हणता, मग फोंड्याचा विचार का करत नाही?

मी इथलाच. आमच्याकडे पर्यटक बसने येतो, मंगेशी-म्हार्दोळ बघतो, मसाल्याच्या बागेत जेवतो आणि संध्याकाळी परत किनाऱ्याला जातो. रात्री गाव आमचंच असतं. ओपाच्या जलप्रकल्पाचं पाणी जवळून येतं, बाजार पायी जाण्याजोगा, उपजिल्हा इस्पितळ शहरात. किनारी तालुक्यांच्या मानाने भाडी कमी.

आणि नाटक! राजीव गांधी कला मंदिर फोंड्यात आहे, तिथे वर्षभर काही ना काही चालू असतं. पण खरी मजा देवळांच्या जत्रेत आणि कालोत्सवात. गावातला शिक्षक, पोस्टमन, दुकानदार महिनोन् महिने तालीम करतात आणि रात्रभर संगीत नाटक उभं करतात. समोर बसलेल्यांना पदं पाठ असतात. पुण्यात तिकीट काढून जे क्वचित बघायला मिळतं ते इथे देवळाच्या मांडवात, फुकट. श्रावणात वास्कोला दामोदराचा भजनी सप्ताह असतो, चोवीस तास अखंड भजन. एकदा येऊन बघा.

वाचायचं म्हणाल तर मराठी वर्तमानपत्रं रोज दारात. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं आहे, पाटो भागातली नवी इमारत मोठी आणि लिफ्टची, मराठी विभाग चांगला.

एकच विनंती. कोंकणी शिका. तुमचं मराठी सगळ्यांना कळेल, मराठीतच उत्तरही मिळेल, पण तुम्ही दोन वाक्यं कोंकणीत बोललात की समोरच्याचा चेहरा बदलतो.


साष्टीकर

दक्षिणेचंही नाव घ्या कोणीतरी. मडगावच्या आसपास नावेली, फातोर्डा, राया या भागात माणसं बारा महिने राहतात. मडगाव स्टेशनवर कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या थांबतात, मुंबईची वंदे भारत इथूनच सुटते. जिल्हा इस्पितळ (सगळे अजून हॉस्पिसियोच म्हणतात) शहरात आहे. काणकोण फार सुंदर, पण स्टेंट असलेल्या माणसाने तिथे राहू नये. बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात पोहोचायला तासाच्या वर जातो.


जर्सीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. जुलैत यायचं हे तर लगेच पटलं. नाटकाचं वाचून बायकोने फोंड्याच्या बाजूने मत टाकूनही झालं!

हृदयाच्या बाबतीत अजून कोणी सांगू शकेल का? इथे ९११ फिरवलं की काही मिनिटांत माणसं दारात असतात. तिथे नेमकं काय होतं? आणि या वयात आरोग्य विमा मिळतो का?


निवृत्त परिचारिका

जर्सीकर, सरकारी आरोग्य सेवेत उभा जन्म काढलाय, म्हणून लिहिते.

१०८ फिरवायचं. गोव्यात ही सेवा २००८ पासून आहे आणि चांगली चालते. रुग्णवाहिकेतली माणसं प्रशिक्षित असतात. घोळ होतो तो पत्त्यावर. गोव्यातल्या घर क्रमांकावरून बाहेरच्या माणसाला घर सापडत नाही. कुठलं कपेल (छोटं चर्च), कुठला खुरीस (क्रूस), कुठलं देऊळ, तिथून डावीकडे की उजवीकडे, हे चार ओळींत लिहून फोनशेजारी चिकटवून ठेवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घरचा पत्ता सांगता येत नाही. आणि घर पसंत करण्याआधी बघा की रुग्णवाहिका दारापर्यंत येते का. जुन्या वाड्यांवर शेवटची वाट कित्येकदा फक्त स्कूटरपुरती असते. पायऱ्यांवरून खुर्चीत बसवून उतरवावं लागेल अशी घरं तुमच्यासाठी नाहीत.

छातीत दुखायला लागलं तर स्वतः गाडी चालवत बांबोळीला निघू नका. गोव्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी स्टेमी नावाची योजना आहे. जवळच्या सरकारी केंद्रात ईसीजी काढतात, तो गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) हृदयरोग विभागातले डॉक्टर लगेच बघतात आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देऊन मग पुढे हलवतात. ही वाचलेली वेळच जीव वाचवते. म्हापशात आझिलो (तिथलं जिल्हा इस्पितळ), मडगावात हॉस्पिसियो, फोंड्यात उपजिल्हा इस्पितळ. तुमच्या घरापासून सर्वांत जवळचं कुठलं, ते आल्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊन डोळ्यांनी बघून या. बांबोळीचं गोमेकॉ म्हणजे १८४२ मध्ये पोर्तुगिजांनी सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा. गर्दी असते, खाटा भरलेल्या असतात, पण गंभीर रुग्णाला तिथले डॉक्टर खूप जपतात. गोव्याबाहेरच्यांना तिथे शुल्क पडतं, म्हणून इथल्या वास्तव्याचे कागद लवकर तयार करा. खाजगीत दोनापावला आणि जुनं गोवं इथे मोठी इस्पितळं आहेत.

एक फाइल करा. शेवटचा ईसीजी, स्टेंटचं कार्ड, चालू औषधांची यादी. यादीत औषधाचं मूळ नाव लिहा, अमेरिकेतलं ब्रँडचं नाव इथल्या फार्मसीत कोणाला कळणार नाही. अ‍ॅलर्जी असेल तर लाल शाईने सगळ्यात वर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही.

विमा मिळतो. २०२४ मध्ये विमा नियामकाने नवी पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची अट काढून टाकली. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायचा काळ आता जास्तीत जास्त ३ वर्षं. म्हणजे मधुमेह आणि हृदय याबाबतीत ही पहिली ३ वर्षं तुम्हाला स्वतःच्या खिशातून निभावावी लागू शकतात. तेवढी रक्कम वेगळी काढून ठेवा आणि तिला हात लावू नका. स्टेंट अर्जात लपवू नका, दावा फेटाळायला तेवढं कारण पुरतं.


हिशेबनीस

पैशाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. मी कर सल्लागार नाही, परतलेल्यांपैकीच एक.

परतल्यावर पहिली साधारण दोन-तीन आर्थिक वर्षं तुम्ही प्राप्तिकराच्या भाषेत ‘रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नाही’ या गटात बसाल. तेवढ्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर भारत कर लावत नाही. परदेशातल्या गुंतवणुकीची जी उलथापालथ करायची ती या काळात करून घ्या. नंतर मात्र परदेशातलं प्रत्येक खातं भारतीय विवरणपत्रात दाखवावं लागतं. न दाखवल्याचा दंड मोठा आहे.

अमेरिकेची सोशल सिक्युरिटी भारत-अमेरिका करारानुसार फक्त अमेरिकेतच करपात्र आहे. ४०१-के (नोकरीतली निवृत्तीची बचत) वरचा कर अमेरिकेत पैसे काढाल त्या वर्षापर्यंत पुढे ढकलण्याची सोय भारतीय कायद्यात आहे, पण ती आपणहून फॉर्म भरून मागावी लागते. अमेरिकन नागरिक म्हणून तिकडचं विवरणपत्र दरवर्षी भरायचंच, आणि भारतातल्या सगळ्या खात्यांत मिळून कधीही १०,००० डॉलरच्या वर गेलात तर त्याची वेगळी माहिती द्यायची. बँकेतला माणूस म्युच्युअल फंड गळ्यात मारायला बघेल. अमेरिकन नागरिकाला भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकेच्या कराच्या दृष्टीने फार त्रासाचे असतात. नको म्हणून सांगा.

एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं परतल्यावर तसंच चालू ठेवता येत नाही. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी (परतलेल्यांसाठीचं परकीय चलनाचं) खातं उघडा.

मेडिकेअर (अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) भारतात घेतलेल्या उपचारांचे पैसे देत नाही. म्हणून लोक पार्ट बी (त्यातला डॉक्टरांच्या खर्चाचा, हप्ता भरायचा भाग) सोडून देतात आणि पुढे परत जावं लागलं की अडकतात, कारण सोडलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्त्यावर १० टक्के दंड कायमचा बसतो. मुलांकडे परत जायची थोडीही शक्यता असेल तर नवरा-बायकोने बसून हा हिशेब आधी करा. ब्रिटनवाल्यांनी लक्षात ठेवा, तिथली सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्याला मिळते, पण पहिल्या दिवशी जी रक्कम असते तीच राहते, दरवर्षीची वाढ मिळत नाही.


चिऱ्याचं घर

हो, पेन्शनचं अगदी खरं. इथली महागाई वाढते आणि आमची पेन्शन तिथेच. घर विकत घेतल्यामुळे निभावतंय.


एक चौदा

विकत घेण्याचा विषय निघालाच आहे तर. मी पणजीत वकिली करतो. इथे कोणा एकाची बाजू मांडत नाही, सर्वांसाठी लिहितोय.

जर्सीकर, पहिलं वर्ष भाड्याने राहा. करार करताना तो हंगामापलीकडे जातो का ते बघा. काही घरमालक ऑक्टोबरात घर रिकामं करून मागतात, कारण नाताळात दिवसाच्या दराने जास्त मिळतात. अकरा महिन्यांचा करार जूनमध्ये सुरू केलात तर तो डिसेंबर ओलांडून जातो. मुदतीआधी घर सोडायला लावण्याची सूट मालकाला देणारं कलम असेल तर ते काढून घ्या. भाडेकरू पडताळणीचा फॉर्म मालकाकडून पोलीस ठाण्यात दिला जाईल हे पाहा.

विकत घेताना ओसीआयधारकाला शेतजमीन, बागायत आणि फार्महाऊस घेता येत नाही. राहतं घर, फ्लॅट घेता येतो. दलाल म्हणेल ‘घर आहे ना, मग झालं’. तेवढ्यावर जाऊ नका. घराभोवतीचं भाट (बागायत) कागदावर काय आहे ते बघा. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा), शहरात असेल तर फॉर्म डी, झोनिंगचा दाखला, बिगरशेती रूपांतराची सनद आणि बोजा नसल्याचा दाखला, एवढं हातात आल्याशिवाय एक रुपयाही विसार देऊ नका. एक-चौदाच्या उताऱ्यात कुळाचं किंवा इतर हक्कांचं नाव असेल तर थांबा. आवारात मुंडकाराचं (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) घर असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेलं कुटुंब तुम्ही हलवू शकत नाही आणि हलवू पाहूही नये. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने बंदी आहे. कोमुनिदादच्या (जुन्या गावसंस्थेच्या सामाईक) जमिनीवरचं स्वस्त घर दाखवलं तर नमस्कार करून निघा.

जुन्या घरांना वारस अनेक. काही लिस्बनला, काही लंडनला, काही मुंबईत. गोव्यात वारसाहक्क पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने चालत आले आहेत, जोडीदाराचाही मालमत्तेत वाटा असतो, त्यामुळे एका भावाची सही पुरत नाही. वाटणीची इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) झाली आहे का ते विचारा. परदेशी गेलेल्यांच्या जमिनी खोट्या कागदांनी विकल्याची प्रकरणं इतकी झाली की २०२२ मध्ये सरकारने विशेष तपास पथक नेमलं. म्हणून सांगतो, विकणाऱ्याने सुचवलेला वकील घेऊ नका.


वेंगुर्ल्याची

विषयाला थोडं सोडून. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाल्यावर सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ला यांना तो अगदी जवळ पडतो. आमच्याकडे तीच हवा, तेच मासे, तेच दशावतार, गर्दी कमी, आणि तुम्हाला भाषा शिकायची गरज नाही. मात्र खरं सांगायचं तर मोठ्या दुखण्याला आम्हीही बांबोळीलाच पळतो. तुमच्या स्टेंटमुळे मी आग्रह करणार नाही.


पर्वरीत एकटी

जर्सीकर, बाकीच्यांनी दोघांसाठी लिहिलंय. मी एकासाठी लिहिते. वाचताना जड जाईल, पण वाचा आणि वहिनींनाही वाचायला द्या.

आम्ही टेक्ससहून आलो. गावात मोठं घर, विहीर, आंबा, फणस, माडाची झाडं. ह्यांना बागेचं वेड होतं. काही वर्षं फार सुखाची गेली. मग हे गेले आणि त्या घरातलं एकेक काम माझ्यावर आलं. पंप बिघडला तर कोणाला बोलवायचं हे त्यांना ठाऊक होतं, मला नाही. गाडी मला चालवता येत होती, पण गोव्यातल्या रस्त्यांवर मी कधी हातात घेतलीच नव्हती. रात्री माडाची झावळी कौलांवर पडली की मी उठून बसायचे.

म्हणून घर निवडताना असा विचार करा: आपल्यापैकी जो कमी धडधाकट आहे तो इथे एकटा राहू शकेल का? राहू शकणार नसेल तर ते घर भाड्यानेही घेऊ नका. मी आता पर्वरीत लिफ्ट असलेल्या इमारतीत राहते. खाली फार्मसी, भाजीवाला, बँक. मे महिन्यात पाण्याची ओढाताण होते, टँकर येतो, ते सोसते. समोरच्या दारात एक निवृत्त कोंकणी शिक्षिका आहेत, रोज संध्याकाळचा चहा एकत्र.

दोघांनीही इथलं लायसन्स काढा. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो आणि आपल्या वयात लायसन्स ५ वर्षांसाठी मिळतं. दोघांनीही बँकेचे व्यवहार स्वतः करा. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, नळे परतणारा, गॅसवाला, टॅक्सीवाला यांचे नंबर एका वहीत दोघांच्या अक्षरात हवेत.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत पंचायतीत किंवा नगरपालिकेत करायची असते, दाखल्याच्या भरपूर प्रती घ्या. अमेरिकन नागरिक असल्याने मुंबईच्या अमेरिकन वकिलातीला कळवावं लागतं, त्यांच्याकडून मिळणारा मृत्यूचा अहवाल तिकडच्या बँकांना आणि सोशल सिक्युरिटीला लागतो. भारतातल्या मालमत्तेसाठी भारतात वेगळं मृत्युपत्र करा, अमेरिकेतल्या ट्रस्टच्या कागदावर इथली कामं अडतात. आणि अजून एक, जे कोणी विचारत नाही. गावातली स्मशानभूमी कोणासाठी खुली आहे हे आधीच विचारून ठेवा. काही गावांत ती एकेका समाजाची असते. त्या दिवशी दारोदार विचारत फिरण्याची वेळ मुलांवर येऊ नये. शहरात सोय आहे. ह्यांनी देहदानाचं ठरवलं होतं, गोमेकॉच्या शरीररचना विभागाने ते सन्मानाने स्वीकारलं.

मुलं विचारतात, परत ये. मला इथेच बरं वाटतं. इथे मी रस्त्याने चालले की माणसं थांबून बोलतात.


जर्सीकर

एकटी ताई, तुमचं लिहिलेलं बायकोने आधी स्वतः वाचलं, मग मला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर आम्ही बराच वेळ बोललो, इतकी वर्षं टाळलेलं बोललो. तुम्ही लिहिलंत याबद्दल ऋणी आहोत.

आता आमचा विचार असा: जूनच्या सुरुवातीला येऊन अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याचं घर घ्यायचं, तळमजला किंवा लिफ्ट. फोंडा आणि पर्वरी दोन्ही बघायचं. विकत घेण्याचं पुढच्या वर्षापर्यंत नाव काढायचं नाही. पार्ट बी सध्या चालू ठेवायचा. येताना काय आणावं आणि काय आणू नये, एवढं कोणी सांगाल का? जहाजाने सामान पाठवायचा मोह होतोय.


चिऱ्याचं घर

सोफे, गालिचे, लाकडी कपाटं तिकडेच वाटून टाका, पहिल्या पावसात फुगतात. ११० व्होल्टची उपकरणं मुळीच नकोत. चांगले न घसरणारे बूट दोघांसाठी दोन-दोन जोड आणा, वहिनींच्या गुडघ्यांचे पट्टे आणि सवयीची काठी आणा, औषधं पहिल्या तीन महिन्यांची मूळ डब्यांत, सोबत डॉक्टरची चिठ्ठी. पुस्तकं आवडती तेवढीच.

आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात घर बघायला जाल तेव्हा घरमालकाला आधी फोन करून, छत्री घेऊन, पाऊस जोरात असतानाच जा. भिंतीला तळाशी हात लावून बघा. मग शेजारच्या दारावर टकटक करून पाणी मागा.


फोंडेकर

काका, फोंड्यात घर बघायला आलात की इथेच कळवा. बाजाराजवळ तळमजल्याची दोन घरं माझ्या माहितीत रिकामी आहेत, एकाच्या मागे विहीर आहे आणि शेजारी मालक स्वतः राहतात. रुग्णवाहिका दोन्हीकडे दारापर्यंत येते, काल जाऊन बघून आलो.